कल्याणकारी योजनांमधील पालकत्ववाद

गरजू नागरिकाचे हित कशात आहे हे त्याच्यापेक्षा आपल्यालाच अधिक कळते, असे राज्यसंस्थेने गृहीत धरणे आणि त्या आधारावर मदतीचे स्वरूप, तिच्या अटी व तिचा वापर परस्पर ठरवणे, या प्रवृत्तीला पालकत्ववाद म्हणतात. मदत द्यावी की देऊ नये, हा या चर्चेचा विषय नाही. मदत घेणाऱ्या प्रौढ माणसाचा नागरिक म्हणून असलेला दर्जा केवळ मदत घेतल्यामुळे उणावतो का, आणि तो उणावू नये यासाठी योजनेची रचना कशी असावी, हा खरा प्रश्न आहे.

प्रजेला अज्ञान मुलांप्रमाणे वागवणारे पितृवत शासन ही कल्पना करता येईल अशी सर्वांत मोठी जुलूमशाही होय, असे जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९३ मध्ये म्हटले होते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ मध्ये हाच विचार पुढे नेला. दुसऱ्याला इजा होत नसेल, तर केवळ स्वतःच्या भल्यासाठी प्रौढ माणसावर सक्ती करता येत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. मात्र या तत्त्वातून त्याने लहान मुलांबरोबरच त्याच्या मते ‘मागासलेल्या’ असलेल्या समाजांनाही वगळले. तो आदल्या वर्षापर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता, हे लक्षात घेतले की या अपवादाचा रोख कोणाकडे होता हे वेगळे सांगावे लागत नाही.

इंग्लंडमधील १८३४ च्या सुधारित दारिद्र्य कायद्याने मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब स्वावलंबी मजुरापेक्षाही खालची राहिली पाहिजे, असे तत्त्व घालून दिले. मदत हवी असल्यास श्रमगृहात, म्हणजे मदतीच्या बदल्यात काम करून घेणाऱ्या निवासात, दाखल व्हावे लागे, तेथे नवरा, बायको आणि मुले यांना वेगवेगळे ठेवले जाई, आणि सरकारी मदत घेणाऱ्याला मताधिकार नसे. मताधिकारावरील हे बंधन १९१८ साली उठले.

महाराष्ट्रात या विचारसरणीचा अनुभव १८७६–७७ च्या दुष्काळात आला. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने दुष्काळी कामांवरील मजुरी जेमतेम एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी उतरवण्यात आली, आणि गरज खरी आहे का हे पाहण्यासाठी मजुरांनी घरापासून दूरच्या कामांवर जाऊन छावणीत राहावे, अशी अट आली. जो खरोखर उपाशी असेल तो येईल, बाकीचे घरी राहतील, हा त्यामागचा हिशेब होता. मुंबई इलाख्यातील मजुरांनी या अटी नाकारून मोठ्या संख्येने कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे लेखी मांडली. उपासमारीच्या तोंडावर असलेली माणसेही अपमानकारक अट ओळखतात व ती फेटाळू शकतात, याचा याहून ठळक पुरावा या विषयाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. पुढे तयार झालेल्या दुष्काळ संहितांमध्ये, म्हणजे दुष्काळी मदतीच्या सरकारी नियमावल्यांमध्ये, कष्टाच्या कामाची कसोटी मात्र कायम राहिली.

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वरवर पाहता याच दुष्काळी कामांची वारसदार आहे, कारण येथेही खडी फोडणे, बांध घालणे, तलाव खोदणे हीच कामे होती. फरक होता तो नात्यात. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने वैधानिक आधार मिळाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. त्यानंतर काम देणे ही सरकारची मेहेरबानी न राहता ‘मागेल त्याला काम’ हे बंधन झाले. गरज कोणाला आहे हे तहसीलदाराने ठरवायचे नव्हते. ज्याला गरज आहे त्याने स्वतः मागणी करायची होती. मागणीचा अर्ज आणि त्याची पोच हे कागद यामुळेच महत्त्वाचे ठरले. पोच हातात असेल तर तारीख सिद्ध होते, आणि तारीख सिद्ध झाली तर मुदतीत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा दावा उभा राहतो. अर्ज तोंडी घेणे किंवा पोच द्यायला टाळाटाळ करणे ही त्यामुळे साधी कार्यालयीन हयगय उरत नाही. तीतून हक्कदाराचा पुन्हा याचक होतो. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने हीच रचना देशभर नेली, परंतु जानेवारी २०२३ पासून कामावरील मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रे मोबाइल ॲपवर चढवणे सक्तीचे झाले. गैरव्यवहार रोखणे हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. प्रत्यक्षात नेटवर्क नसल्यामुळे छायाचित्र चढले नाही तरी खाडा मजुराच्याच नावावर पडू लागला.

वस्तुरूप मदत म्हणजे पालकत्ववाद आणि रोख रक्कम म्हणजे स्वातंत्र्य, असे सरसकट समीकरण मांडले जाते. ते पुरेसे नाही. गरिबांच्या हाती पैसा आला की तो दारू-तंबाखूत जातो, या समजाला विविध देशांतील अभ्यासांनी फारसा आधार दिलेला नाही, हे खरे. पण २०११ मध्ये भारतातील नऊ राज्यांत रेशनविषयी जे सर्वेक्षण झाले, त्यात बहुसंख्य कुटुंबांनी रोख रकमेऐवजी धान्यच पसंत केले, विशेषतः जेथे दुकाने नीट चालत होती तेथे. भाव वाढले तरी धान्य तेवढेच मिळते, आणि बँक लांब असते, ही त्यांची कारणे पूर्ण व्यवहारी होती. धान्य द्यावे की पैसे यापेक्षा ते कोणाला विचारून ठरवले, हे अधिक निर्णायक ठरते. ज्वारी-बाजरी खाणाऱ्या तालुक्यांत वर्षानुवर्षे गहू-तांदूळच पाठवणे, किंवा २०२२ च्या दिवाळीत सुरू झालेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्ये रवा, चणाडाळ, साखर व पामतेल यांचे ठरावीक प्रमाण देणे, यात लाभ होता, पण सणाला घरात काय शिजावे हे मंत्रालयात ठरत होते, हेही होते.

पालकत्ववादाचे सर्वांत उघड रूप ऑस्ट्रेलियात दिसले. २००७ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासी वस्त्यांमध्ये राहणाऱ्यांच्या सरकारी भत्त्यातील निम्मी रक्कम राखून ठेवण्यात आली आणि दारू, तंबाखू, जुगार यांवर ती खर्च करता येऊ नये अशी व्यवस्था केली गेली. व्यक्तीचे वर्तन कसेही असो, वस्तीत राहणे एवढेच कारण पुरेसे होते, आणि त्यासाठी वांशिक भेदभावविरोधी कायद्याचा अंमल त्या मर्यादेत स्थगित करावा लागला. अमेरिकेत आईच्या घरी पुरुषाचे येणे-जाणे असल्यास मुलांची मदत बंद करण्याचा अलाबामा राज्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द केला. १९७० मध्ये त्याच न्यायालयाने मदत थांबवण्यापूर्वी सुनावणी द्यावी लागेल असे ठरवले.

पालकत्ववादाच्या समर्थकांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पैसा करदात्यांचा असतो, मदत घरातील मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे, आणि कुटुंबप्रमुखाच्या हाती दिलेली रक्कम कुटुंबाचीच राहील याची खात्री नसते. शेवटच्या मुद्द्याचे उत्तर म्हणून २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील सर्वांत वडील प्रौढ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना’ दरमहा १,५०० रुपये थेट स्त्रीच्या खात्यात जमा करते आणि ते कशावर खर्चावेत याची कोणतीही अट घालत नाही; या अर्थाने ती बहुतेक जुन्या योजनांपेक्षा कमी पालकत्ववादी आहे. नावात मात्र नागरिकाच्या जागी भावाचा आधार असलेली बहीण आहे. २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा लाभार्थी स्त्रीच्या आधार क्रमांकासोबत पतीच्या किंवा वडिलांच्या आधार क्रमांकाची पडताळणीही मागण्यात आली. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा तपासण्यासाठी ते आवश्यक असल्याचे कारण दिले गेले. ज्यांचे पती व वडील दोघेही हयात नाहीत अशा स्त्रिया या रकान्यापाशी अडकल्या, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र सोय नंतर करावी लागली.

हा प्रश्न केवळ करातून चालणाऱ्या योजनांपुरता नाही. बांधकाम कामगार कल्याण मंडळाचा निधी बांधकाम खर्चावरील उपकरातून, म्हणजे कामगारांच्याच श्रमाशी जोडलेल्या पैशातून उभा राहतो. तरीही मागील वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला त्यांना ठेकेदाराकडून किंवा ग्रामसेवकाकडून मिळवावा लागतो, आणि नोंदणीनंतर मिळणाऱ्या लाभांत ताटे, वाट्या, पातेली, परात व कुकर असा भांड्यांचा संच असतो. तो उपयोगी नसतो असे नाही, आणि तो घेण्यासाठी रांगाही लागतात. परंतु तेवढ्या रकमेतून भांडी घ्यावीत, कर्ज फेडावे की मुलाची फी भरावी, हा पर्याय त्या कामगारापुढे ठेवलेला नसतो.