जमिनीतले प्राणी आणि जमिनीचा वापर

मातीत राहणारे गांडूळ, वाळवी, मुंग्या, वाणी (पैसा किडा), माइट (कोळ्याच्या गोतातले बारीक जीव), स्प्रिंगटेल (उडी मारणारे बारीक बिनपंखी जीव), सूत्रकृमी या सगळ्यांना मिळून मृदाप्राणी म्हणतात. आकारावरून तीन गट पाडायची पद्धत आहे, ०.१ मिमी पेक्षा लहान ते सूक्ष्म, ०.१ ते २ मिमी मधले, आणि त्याहून मोठे. जंगल तोडून शेती, शेतीतून मळा, मळ्यातून प्लॉट असा जमिनीचा वापर बदलत गेला की या प्राण्यांची संख्या आणि जाती दोन्ही बदलतात. पण दोन्ही एकाच दिशेने बदलतील असं नाही, आणि इथेच बरेच लोक फसतात, खोऱ्याभर मातीत भरपूर गांडुळं दिसली की जमीन जिवंत आहे असं समजून मोकळे होतात.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण ब्राझीलच्या मानाउस भागातलं, १९९९ मधे प्रसिद्ध झालेलं. अ‍ॅमेझॉनचं जंगल तोडून जनावरांसाठी कुरणं केली, तेव्हा मूळचे बहुतेक मृदाप्राणी गेले आणि पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस हे एकच गांडूळ माजलं. त्याची विष्ठा वर्षाला हेक्टरी १०० टनाच्या पुढे नोंदली आहे. ही ओली, चिकट विष्ठा पसरून वरच्या थराची भोकं बुजली, पाणी मुरेना, जड मशीन फिरवल्यावर जमीन दबते तशी ती दबली. जंगलात हेच गांडूळ असलं तर मुंग्या, वाळवी आणि इतर प्राणी त्याच्या विष्ठेची ढेकळं फोडून पुन्हा भुसभुशीत करतात. नंतरच्या प्रयोगात कुरणातल्या मातीचे ठोकळे उचलून जंगलात नेऊन ठेवले तर साधारण वर्षभरात त्यांची रचना सुधारली. म्हणजे दोष त्या गांडुळाचा नव्हे, सोबती नाहीसे झाले त्याचा.

हे गांडूळ मूळ कुठलं यावर चर्चा आहे. निसर्गअभ्यासक फ्रिट्झ म्युलर यांनी १८५७ मधे दक्षिण ब्राझीलमधून त्याचं वर्णन केलं म्हणून तेच घर असं आधी धरलं जायचं, पुढे दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा गयाना पठाराचा भाग हे मूळ स्थान असावं असं मत पुढे आलं आणि आता तेच जास्त मानतात. रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून ते उष्ण कटिबंधात जवळपास सगळीकडे पोचलं, आपल्याकडे केरळ आणि त्रिपुरातल्या रबर मळ्यांत ते फार आहे. उलट गंमत लॅम्पिटो मॉरिटी या आपल्या शेतातल्या नेहमीच्या गांडुळाची. प्राणिशास्त्रज्ञ किनबर्ग यांनी १८६० च्या दशकात मॉरिशसच्या नमुन्यांवरून वर्णन केलं म्हणून नावात मॉरिशस, पण त्याच्या प्रजातीचे बाकीचे नातेवाईक दक्षिण भारतात सापडतात, त्यामुळे ते इथलंच असून माणसांबरोबर तिकडे गेलं असावं हे जास्त पटतं.

गांडूळखताच्या बेडमधलं आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी मात्र शेतातलं गांडूळ नव्हे. ते शेण आणि पालापाचोळ्याच्या ढिगात राहणारं, कमी सेंद्रिय पदार्थाच्या उघड्या रानात सोडलं तर सहसा टिकत नाही. खत जरूर घालावं, पण गांडुळं विकत आणून शेतात सोडल्याने गेलेल्या जाती परत येत नाहीत.

नांगरटीचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. खोल उभी बिळं करून राहणारी आणि वरच्या पाचोळ्यात राहणारी गांडुळं आधी कमी होतात, मातीतच माती खाऊन राहणारी बऱ्यापैकी तग धरतात. रासायनिक खताचं म्हणाल तर इंग्लंडमधे रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून चालू असलेल्या गवताच्या प्रयोगात अमोनियम सल्फेटने आम्ल झालेल्या वाफ्यांत गांडुळं उरली नाहीत आणि न कुजलेल्या गवताचा थर साचला, म्हणजे तिथे नडलं ते आम्लपण, चुना दिलेल्या भागात तसं झालं नाही. आपल्याकडे उसात हुमणीसाठी (मुळं खाणारी अळी) वर्षानुवर्षं फोरेट या कीटकनाशकाचे दाणे टाकले गेले, ते गांडुळांनाही फार विषारी, २०२० च्या शेवटी त्यावर बंदी आली.

कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात, शेण, टहाळ (पाल्यासकट तोडलेल्या फांद्या), गवत, वर माती असा थर देऊन उन्हाळ्यात पेटवायचा. आच वरच्या काही सेंटीमीटरलाच लागते कारण माती उष्णता हळू नेते, त्यामुळे वरचे स्प्रिंगटेल, माइट जळतात पण खाली गेलेली गांडुळं बऱ्याच अंशी वाचतात. रोपवाटिका लागवडीच्या क्षेत्राच्या साधारण दहावा हिस्सा असते. नुकसान बघायचं तर ऐन, किंजळ या झाडांचा टहाळ जिथून तोडून आणला तिथे बघायला हवं, कारण पाचोळा तिथल्या जमिनीवर पडायचा राहून जातो. चिखलणीनंतर खाचरातली गांडुळं बांधाला सरकतात, म्हणून बांध छाटून बारीक करणं, तासून लख्ख ठेवणं हेही जमिनीच्या वापरातच धरावं.