डेब्ज, यूजीन व्हिक्टर
(५ नोव्हेंबर १८५५–२० ऑक्टोबर १९२६). अमेरिकन कामगारनेता आणि समाजवाद्यांचा पाच वेळचा (१९००, १९०४, १९०८, १९१२, १९२०) अध्यक्षपदाचा उमेदवार. जन्म इंडियाना राज्यातील टेर होट येथे. रेल्वे एंजिनावर फायरमनचे काम केल्यावर तो कामगार संघटनेत आला. १८८४ मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षातर्फे राज्य विधिमंडळावर निवडून आला. अमेरिकन रेल्वे युनियन त्याने १८९३ मध्ये स्थापन केली. पुलमन या रेल्वेडबे बनविणाऱ्या कंपनीविरुद्धच्या संपात न्यायालयाचा मनाईहुकूम मोडल्याबद्दल त्याला वुडस्टॉक (इलिनॉय) येथे सहा महिन्यांची कैद झाली (१८९५).

तो समाजवादी नेमका केव्हा झाला, याविषयी मतभेद आहेत. १९०२ मधील लेखात त्याने या परिवर्तनाचा संबंध वुडस्टॉकच्या कैदेशी जोडला असून व्हिक्टर बर्गर या समाजवादी नेत्याने मार्क्सच्या ‘कॅपिटल’ची प्रत तेथे दिल्याचा उल्लेख केला आहे, कौट्‌स्की या मार्क्सवादी विचारवंताचे लेखन विशेष स्पष्ट वाटल्याचेही त्यात आढळते. मात्र सुटकेनंतर, १८९६ मध्ये, त्याने ब्रायन या डेमॉक्रॅटिक उमेदवाराचाच प्रचार केला. समाजवादाचा जाहीर स्वीकार जानेवारी १८९७ मधला. तेव्हा तुरुंगातील साक्षात्काराची हकीकत बरीचशी मागाहून रचलेली असावी.

१९०० मध्ये त्याला सु. ८८ हजार मते पडली, १९०४ मध्ये चार लाखांवर. १९०८ साली ‘रेड स्पेशल’ ही खास आगगाडी वाद्यवृंद व प्रचारपत्रके घेऊन देशभर फिरली, तरी मते वाढली ती जेमतेम १८ हजार. ब्रायन पुन्हा रिंगणात होता व कामगार संघटनांचे नेतृत्व त्याच्याकडे वळले होते, हे त्याचे एक कारण दिसते. १९१२ मध्ये ९ लाखांहून अधिक, म्हणजे ६ टक्के मते मिळाली; नेव्हाडा व ओक्लाहोमात तर १६ टक्क्यांवर. पण राज्यातील सर्व निर्वाचक (अध्यक्षाची औपचारिक निवड करणारे प्रतिनिधी) तेथील पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराकडे जात असल्याने त्याच्या वाट्याला एकही निर्वाचक आला नाही.

कँटन (ओहायओ) येथील युद्धविरोधी भाषणाबद्दल (१६ जून १९१८) हेरगिरी कायद्याखाली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली (१९१९). १९२० ची निवडणूक त्याने अटलांटाच्या तुरुंगातून, कैदी क्र. ९६५३ म्हणून लढविली. प्रचाराच्या बिल्ल्यांवरही हाच क्रमांक छापला होता. या वेळी मते १९१२ पेक्षा किंचित अधिक पडली, पण स्त्रियांना मताधिकार मिळून एकूण मतदान फुगल्याने त्याचा वाटा ३·४ टक्क्यांवर घसरला. अध्यक्ष हार्डिंगने शिक्षा कमी केल्यावर २५ डिसेंबर १९२१ रोजी तो सुटला. १९२४ मध्ये त्याने ला फॉलेट या प्रागतिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा दिला. एल्महर्स्ट (इलिनॉय) येथे त्याचे निधन झाले.