पोटात पाय, पायावर लोखंड

पाऊस लागला की दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीवर गोगलगायी चढू लागतात. भाचा दिवसभर शाळेत गुजराती बोलतो, त्यामुळे त्याच्या लेखी ती गोकळगाय. वडोदऱ्यात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. रखडलेला पूल असो की रस्ता, इथली वर्तमानपत्रं काम 'गोकळगतीने' चाललंय असंच लिहितात. परवा भिंतीला जवळजवळ नाक लावून त्याने विचारलं, "आत्या, हिचे पाय कुठे आहेत गं?"

"पोटात," मी म्हटलं. त्याला वाटलं, मी टाळतेय.

टाळत नव्हते. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण गरीब चेहऱ्याच्या, आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतो; पण प्राणिशास्त्राने नेमक्या याच निरीक्षणावरून एका अख्ख्या वर्गाला नाव दिलं आहे. उदरपाद. पोटाखालचा सपाट, चिकट, मांसल तळवा हाच पाय, आणि तो एकच. देवघरातला शंख, सारीपाटाची कवडी, भिंतीवरची गोगलगाय, सगळी एकाच गोतातली. त्या संध्याकाळी मी त्याला याच गोतातल्या एका समुद्री नातलगाचं छायाचित्र दाखवलं. तिच्या पायाच्या दोन्ही बाजूंना, घराच्या कौलांसारखे एकावर एक बसवलेले काळे खवले होते. "ही मगर आहे का?" तो म्हणाला. मगरींच्या विश्वामित्री नदीकाठी वाढणाऱ्या मुलाला खवले म्हटल्यावर दुसरं काय आठवणार!

तिचं शास्त्रीय नाव क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम. अर्थ साधारण असा, 'सोनेरी केसांची, खवले बाळगणारी'. 2001 साली हिंदी महासागराच्या मध्यभागी, सुमारे 2,400 मीटर खोल, 'कायरेई' नावाच्या उष्ण झऱ्यांच्या पट्ट्यात ती पहिल्यांदा माणसाच्या नजरेला पडली. 2003 मध्ये तिच्यावर पहिला शोधनिबंध आला, पण रीतसर वर्णन होऊन नाव मिळायला 2015 उजाडलं. म्हणजे नाव ठेवण्याचं कामसुद्धा गोकळगतीनेच झालं. मोठ्यात मोठा शंख साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. लिंबाएवढा म्हणा.

समुद्रतळाला भेगा असतात. त्यांतून झिरपलेलं पाणी खालच्या तप्त खडकापर्यंत पोचतं, तिथले धातू आणि गंधक विरघळवून घेतं आणि साडेतीनशे अंशांच्या पुढे तापून परत वर उसळतं. इतकं तापूनही ते उकळत नाही, कारण वर अडीच किलोमीटर पाण्याचा भार असतो. तळाचं पाणी मात्र फ्रिजमधल्यासारखं, दोनेक अंशांचं. दोघांची गाठ पडली की विरघळलेले धातू गंधकाशी जोडी करून काळ्या भुकटीच्या रूपात बाहेर पडतात. लांबून बघणाऱ्याला चिमणीतून धूर निघतोय असंच वाटतं. त्या चिमण्यांच्या अंगाला, जिथे कोमट आणि गार पाणी मिसळतं तिथे, या गोगलगायी एकमेकींना चिकटून राहतात. उकळत्या पाण्यात नाही. शेकोटीत कोणी बसत नाही, शेजारी बसतात.

या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड भरपूर. ज्यांनी विज्ञान शाखेची प्रयोगशाळा पाहिली आहे, त्यांना हा वायू ओळखून द्यायला नको. कीपच्या उपकरणात आयर्न सल्फाइडचे काळे खडे टाकायचे, वरून सौम्य आम्ल सोडायचं, की सडक्या अंड्याचा वास मजलाभर. आमच्या वेळी प्रॅक्टिकलहून आलेल्या मुलीला घरी आधी न्हाणीघर दाखवत. या गोगलगायीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं ते यामुळेच, कारण ती कीपचं उपकरण उलटं चालवते. आपण काळ्या खड्यांपासून घाणेरडा वायू काढायचो, हिने त्या वायूच्या गंधकापासून काळे खडे केले आणि अंगावर घातले. खनिजांची नावं ग्रेगाइट आणि पायराइट, दोन्ही लोह आणि गंधकाची संयुगं. पायराइट सोन्यासारखं चमकतं (नावातलं 'सोनेरी' इथून आलं, सराफ मात्र हात लावणार नाही) आणि ग्रेगाइट चुंबकाला चिकटतं. हो, या गोगलगायीचे खवले चुंबकाकडे ओढले जातात. आयर्न सल्फाइडचं चिलखत वापरणारा दुसरा प्राणी आज जगात माहीत नाही.

आता शंखाकडे. एरवी शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या खडूचा आणि संगमरवराचा सख्खा भाऊ. हिच्या शंखाला तीन थर आहेत. सर्वांत बाहेर लोह सल्फाइडचा, सुमारे 30 मायक्रोमीटर. मध्ये प्रथिनांचा मऊसर थर, 150 मायक्रोमीटर. आत अरागोनाइट नावाचं नेहमीचं कॅल्शियम कार्बोनेट, 250 मायक्रोमीटर. सगळी बेरीज अर्धा मिलिमीटरही होत नाही. तुमच्या पाकिटातलं बँकेचं कार्ड याहून जाड असतं. मधला थर इतर समुद्री शंखांनाही असतो, पण पापुद्र्याइतका पातळ. इथे तो गादीसारखा आहे.

2010 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी हिऱ्याचं टोक दाबून हा शंख तपासला. खेकड्याची नांगी रोखायला हे थर काय करतात, हा त्यांचा प्रश्न. खेकडा घाईत नसतो. तो शंख पकडतो आणि दिवसचे दिवस दाबत राहतो. बाहेरचा थर दाबाखाली तडकतो, पण तडा सरळ आत जात नाही. लोह सल्फाइडच्या कणांना वळसे घालत त्याला बारीक फाटे फुटतात आणि त्यातच त्याचा जोर संपतो. उरलेला मार मधली गादी खाते. आतला ठिसूळ थर वाचतो. शिवाय हाच मधला थर झऱ्यांच्या आंबट पाण्यापासून आतल्या कॅल्शियमचं रक्षण करतो, कारण शंखावर आम्ल पडलं तर काय होतं हे लिंबाचा रस पडलेल्या संगमरवरी फरशीला विचारावं.

एक गैरसमज लोकांच्या बोलण्यात हमखास येतो, की एवढ्या खोलात पाण्याच्या दाबाने चिरडायला नको म्हणून हे चिलखत. तसं नाही. दाब आहे खरा, दर चौरस सेंटिमीटरला 240 किलोच्या घरात. पण चिरडली जाते ती पोकळ, हवा भरलेली वस्तू. गोगलगायीच्या अंगात हवा नाही. आतही पाणी, बाहेरही पाणी. तिथे उघड्या अंगाच्या कोळंब्याही मजेत फिरतात.

शंखाचा विषय निघालाच आहे तर आजीच्या देवघरातल्या शंखाबद्दल. तोही समुद्री गोगलगायीचाच, टर्बिनेला पायरम नावाच्या. दक्षिणावर्ती म्हणून ज्याला भाव येतो त्याला शंखांचे अभ्यासक मात्र डावा म्हणतात. भांडण काही नाही. ते शिखर वर धरून तोंड कोणत्या बाजूला आहे ते बघतात, पूजेत शिखर खाली धरतात. आपली लोखंडी गोगलगाय त्यांच्या हिशेबाने उजवी, म्हणजे देवघरातल्या साध्या शंखासारखीच.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये व्हेलचा सांगाडा आहे, मही नदीच्या मुखाशी वाहत आलेल्या देवमाशाचा. वडोदऱ्यातल्या प्रत्येक मुलाने त्याच्यासमोर आ वासलेला असतो. मीही वासला होता. पण हाडं बघून त्या प्राण्याचं काळीज केवढं होतं, तो श्वास कसा घेत होता, यातलं काहीच कळत नाही. जे टिकतं त्याचीच वाहवा होते. या गोगलगायीचंही तेच झालं. लोखंड, चिलखत, चुंबक, यांचा गवगवा झाला. खरी नवलाई मऊ मांसात होती.

2015 मध्ये तिच्या शरीराचे पातळ काप घेऊन संगणकावर त्रिमित नकाशा तयार केला गेला. त्यात दिसलं की हिचं हृदय शरीराच्या आकारमानाच्या चार टक्के भरतं. आपलं हृदय वजनाने शरीराच्या जेमतेम अर्धा टक्का असतं. गोगलगायीला एवढं काळीज कशाला? ती पळत नाही, शिकार करत नाही. तिला डोळेसुद्धा नाहीत. कल्लाही अवाढव्य. उलट आतडं अगदी नावापुरतं, आणि अन्न खरवडायची जी कानसासारखी जीभ गोगलगायींना असते, तीही चिमुकली. जेवणाचा सरंजाम नाही, पण पंप मात्र राजवाड्याला पुरेल एवढा.

उत्तर तिच्या घशात आहे. अन्ननलिकेला लागून एक ग्रंथी असते. नातेवाइकांमध्ये ती बारीकशी. हिच्यात फुगून कितीतरी पटींनी मोठी झालेली. तिच्या पेशींमध्ये जिवाणू खच्चून भरलेले आहेत. हे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून ऊर्जा मिळवतात आणि त्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. झाडं उन्हावर जे करतात, ते हे अंधारात वायूवर करतात. गोगलगाय त्यांच्याच जिवावर जगते. बाहेरून जेवायची तिला गरज उरलेली नाही.

पण या भाडेकरूंचं घरभाडं महाग आहे. त्यांना एकाच वेळी सल्फाइडही हवं आणि ऑक्सिजनही. झऱ्याजवळच्या पाण्यात ऑक्सिजन कमी. मग तो ओढून घ्यायला मोठा कल्ला, आणि रक्तातून सतत घशापर्यंत पोचवायला मोठं हृदय. मला तरी हे शरीर एखाद्या जुन्या वाड्यासारखं वाटतं, ज्यात मालक एका खोलीत राहतो आणि पाण्याची टाकी, मोटर, नळ सगळं बिऱ्हाडांच्या सोयीने बसवलेलं आहे. जोडीदार शोधण्याचा खटाटोपही सोपा केलेला, कारण प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नरही असते आणि मादीही.

हे वाचल्यावर चिलखताकडेही मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. सुरुवातीला सगळ्यांनी धरून चालवलं होतं की लोखंड शत्रूसाठी. मग कायरेईच्या उत्तरेला 'सॉलिटेअर' या दुसऱ्या झऱ्यापाशी याच गोगलगायी सापडल्या, आणि त्या पांढऱ्या होत्या. जात तीच, खवले तेच, फक्त लोखंडाचा पत्ता नाही. आणि त्या तिथे व्यवस्थित नांदत होत्या. फरक पाण्याचा निघाला. सॉलिटेअरच्या झऱ्यात लोह कायरेईच्या मानाने फारच कमी.

2019 मध्ये जपानी संशोधकांच्या गटाने खवल्याच्या आत डोकावून कोडं बरंच सोडवलं. खवल्यात सूक्ष्म नळ्यांसारख्या रचना आहेत. त्यांतून गोगलगाय गंधक बाहेर सोडते. बाहेरच्या पाण्यातलं लोह उलट्या दिशेने आत शिरतं. दोघं भेटतात तिथे लोह सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण जमतात. म्हणजे गंधक घरचं, लोखंड बाहेरचं. आणि गंधकाच्या जोरावर जगणाऱ्या शरीराला नको असलेलं गंधक कुठेतरी काढून टाकावंच लागतं. वडोदऱ्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीतही कच्च्या तेलातलं गंधक वेगळं काढावं लागतं आणि मग त्या गंधकाचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच. गोगलगायीने तो खवल्यांवर सोडवला. जिथे पाण्यात लोह आहे तिथे तिचा कचरा काळं चिलखत होतो, जिथे नाही तिथे तो पाण्याबरोबर वाहून जातो. खेकड्यापासून बचाव होत नसेल असं नाही, पण माझ्या मते तो वरकड नफा आहे.

भाच्याला यातलं कचऱ्याचं प्रकरण सर्वांत आवडलं. "म्हणजे ती मोरीचं पाणी अंगावर वाळवते?" जवळजवळ तसंच, म्हटलं. लगेच पुढचा प्रश्न, आपण एक आणून पाळू या का? जिवंत ती इथवर येणार नाही, आणि तिचे खवलेसुद्धा आपल्या ऑगस्टच्या हवेत टिकायचे नाहीत. दमट हवेत लोह सल्फाइड गंजतं. पायराइट असलेले जीवाश्म कपाटात ठेवल्या ठेवल्या भुगा होतात, ही जगभरच्या संग्रहालयांची जुनी डोकेदुखी आहे.

ज्या काळ्या भुकटीच्या चिमण्यांवर ती राहते, त्यांत तांबं, जस्त, कधी सोनं-चांदीही असतं. त्यामुळे बऱ्याच देशांचं तिकडे लक्ष आहे. 2016 मध्ये भारतानेही आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार करून मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी महासागरातल्या पर्वतरांगांवर 10,000 चौरस किलोमीटरमध्ये अशा खनिजांचा शोध घेण्याचा हक्क मिळवला. झऱ्यांचा एकेक पट्टा मात्र एखाद-दुसऱ्या क्रिकेटच्या मैदानात मावेल एवढाच, आणि ही गोगलगाय अशा मोजक्या ठिकाणांपलीकडे कुठेही नाही. 2019 मध्ये तिला धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत घातलं गेलं. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे या यादीत आलेली ती पहिली. तेव्हा माहीत असलेल्या तिच्या तीन ठिकाणांपैकी दोन शोधपरवान्यांच्या हद्दीत होती. तिसरं, पांढऱ्या गोगलगायींचं सॉलिटेअर, मॉरिशसच्या सागरी हद्दीत येतं. त्याचं नाव ठेवलंय ते जवळच्या रॉड्रिग्ज बेटावरच्या, अठराव्या शतकात नामशेष झालेल्या एका न उडणाऱ्या पक्ष्यावरून. सॉलिटेअर शोधणाऱ्या मोहिमेतच सापडलेल्या शेजारच्या झऱ्याचं नाव डोडो.