म्हातारीच्या केसांचा गुलाबी रंग आणि राज्यांचे कायदे

नवरात्रात कालिका मातेच्या यात्रेला गेलं की म्हातारीचे केस विकणारे दिसतातच, आणि पोरं हमखास सगळ्यात भडक गुलाबी पिशवी मागतात. साखर तर पांढरी, मग एवढा रंग येतो कुठून? तामिळनाडूत सॅम्पल तपासले तेव्हा त्यात रोडामाइन बी सापडलं, म्हणजे कापड आणि कागद रंगवायचं केमिकल. ते हिरवा प्रकाश शोषून घेतं आणि नारिंगी-लाल प्रकाश परत सोडतं, म्हणून तो गुलाबी साध्या रंगापेक्षा जास्त चमकतो, आणि चिमूटभरात भरपूर साखर रंगते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने म्हातारीच्या केसांवरच बंदी घातली, मार्चमध्ये कर्नाटकाने रंगीत म्हातारीचे केस आणि गोबी मंच्युरियनमधले कृत्रिम रंग बंद केले, बिनरंगाचे पांढरे केस मात्र चालू ठेवले, जे मला एकदम योग्य वाटतं कारण गाडीवाल्याचा धंदा बुडत नाही. आता रोडामाइन खाण्यात टाकायला देशात कुठेच परवानगी नाही, मग राज्याने वेगळं काय केलं? तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३० मध्ये राज्याच्या आयुक्तांना एखादा पदार्थच वर्षभरापर्यंत बंद करता येतो. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ ला याच कलमाखाली आली.

अमेरिकेतही सुरुवात एका राज्यानेच केली. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये खाण्यात टाकायच्या चार गोष्टींवर बंदीचा कायदा केला, लागू २०२७ पासून, त्यात पावात वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट (आपण ते २०१६ लाच बंद केलंय) आणि एरिथ्रोसीन नावाचा लाल रंग. उंदरांमध्ये या रंगाने थायरॉइडच्या गाठी झाल्या म्हणून अमेरिकेत १९९० ला तो कॉस्मेटिक्समधून काढला होता, पण खाण्यात चालूच राहिला!! ओठाला लावायचा नाही पण पोटात गेला तरी चालेल, हे कसलं लॉजिक? शेवटी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनेही तो खाण्यातून काढायचा निर्णय घेतला.

आपल्याकडे एरिथ्रोसीन अजून ठरावीक मर्यादेत चालतं. केकवरच्या लालचुटूक चेरीच्या पाकिटावर १२७ नंबर दिसला तर तो हाच, मुलांसाठी घेताना नक्की बघा. आणि यात्रेतल्या गुलाबी पिशव्यांचे सॅम्पल अन्न व औषध प्रशासनाने यात्रा सुरू व्हायच्या आधीच घ्यायला हवेत, कारण लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत दसरा होऊन जातो आणि पिशव्या खाऊन संपलेल्या असतात.