आभासी प्रयोगशाळा आणि प्रकल्पाधारित भौतिकशास्त्र अध्यापन

प्रयोगाचे गणिती प्रतिमान संगणकावर चालवून राशी बदलण्याची व निरीक्षणे घेण्याची सोय देणाऱ्या साधनाला आभासी प्रयोगशाळा म्हणतात. विद्यापीठीय भौतिकशास्त्रात तिची प्रकल्पाधारित अध्ययनाशी, म्हणजे विद्यार्थ्यांनी गटाने एखादा प्रश्न घेऊन स्वतः प्रयोग आखून शिकण्याशी, सांगड घातली जाते.

नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ उपक्रमाची प्रतिरूपणे (संगणकावरील सिम्युलेशन) मोफत असून त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत. त्याच विद्यापीठातील २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विद्युत मंडलांच्या प्रात्यक्षिकात खऱ्या तारा व दिव्यांऐवजी प्रतिरूपण वापरलेले विद्यार्थी संकल्पनांवरील प्रश्नांत तर सरस ठरलेच, पण नंतर खरे मंडल जोडून त्याचे कार्य समजावून सांगण्यातही पुढे राहिले. तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसणे, हे प्रत्यक्ष टेबलावर कधीच शक्य नसते. भारतात केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्पाचे समन्वयन दिल्लीची आयआयटी करते. मुंबईची आयआयटी आणि पुण्याची सीओईपी ही अभियांत्रिकी शिक्षणसंस्था त्यात सहभागी आहेत. हॉल परिणामासारखी (चुंबकीय क्षेत्रातील विद्युतवाहकात आडवा विभवांतर निर्माण होण्याचा परिणाम) महागडी उपकरणे लागणारी प्रात्यक्षिके त्यामुळे लहान महाविद्यालयांच्याही आवाक्यात आली, ही या प्रकल्पाची मोठीच कामगिरी आहे.

मात्र पडद्यावर जे घडते ते प्रतिमानात आधी घातलेल्या नियमांनुसारच घडते. खऱ्या मोजमापातील त्रुटी, ढिली जोडणी, उपकरणाचे मर्यादित अचूकपण यांच्याशी झुंज तेथे होत नाही आणि प्रयोगशील वृत्ती तर त्या झुंजीतूनच घडते. प्रकल्पाची गरज येथे भासते.

साध्या दोलकाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पाठ्यपुस्तकातील सूत्र लहान कोनांपुरतेच लागू पडते. आयाम, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कमाल कोन, ६० अंश ठेवल्यास दोलनकाल सूत्राने येणाऱ्या किमतीपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. प्रतिरूपणात हा फरक क्षणात दिसतो. प्रकल्प करणाऱ्या गटाला मात्र गोळा टांगून, मोबाइलच्या कॅमेऱ्याने चित्रण करून आणि हवेच्या रोधामुळे प्रत्येक दोलनागणिक घटणारा आयाम हिशेबात घेऊन तो फरक वेगळा काढावा लागतो. ठरावीक कृती जर्नलात उतरवण्याच्या रूढ पद्धतीत ही विचारप्रक्रिया सहसा घडत नाही. त्यामुळे मूल्यमापनातही अंतिम उत्तराइतकेच वजन प्रयोगाच्या आखणीला, त्रुटींच्या विश्लेषणाला आणि प्रतिमान व मोजमाप यांतील तफावतीच्या स्पष्टीकरणाला द्यावे लागते.