रोमन प्रांतांतील शहरी घरबागा: मातीत उरलेला पुरावा

रोमन घरांतील बागांविषयीचे आपले बरेचसे ज्ञान इटलीतील पॉम्पेई या शहरातून आलेले आहे, आणि त्याचे श्रेय इ. स. 79 च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाला जाते. गाडल्या गेलेल्या झाडांची मुळे कुजली आणि मागे राहिलेल्या पोकळ्यांत ज्वालामुखीचे बारीक खडे शिरले. बागांच्या अभ्यासक विल्हेल्मिना जाशेम्स्की यांनी 1961 पासून तेथे काम सुरू केले. हे खडे उपसून पोकळीत सिमेंट ओतले की मुळाचा हुबेहूब ठसा हाती येई. इटलीबाहेरील रोमन प्रांतांतील शहरांवर असा ज्वालामुखीचा थर पडला नाही. तेथे बाग शोधायची म्हणजे मातीचा रंग, तिचा पोत आणि खोदलेल्या चरांच्या कडा वाचायच्या, आणि हे वाचन संशोधक बऱ्याच उशिरा शिकले.

इंग्लंडमधील सिल्चेस्टर हे रोमन शहर त्याचे बोलके उदाहरण आहे. लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुरातन अवशेषांच्या अभ्यासमंडळाने 1890 ते 1909 या काळात तटाआतील जवळजवळ सारे शहर उकरले, परंतु चर खणायचे ते दगडी भिंत लागेपर्यंत, आणि मग त्या भिंतीच्या कडेने पुढे जायचे, अशी ती पद्धत होती. नकाशावर घरे विरळ आणि मोकळी जागा भरपूर दिसू लागली, म्हणून हे बागांचे शहर असावे अशी समजूत रूढ झाली. रेडिंग विद्यापीठाने 1997 ते 2014 या काळात त्यातील रस्त्यांनी वेढलेला एक विभाग थरांनुसार खणला, तेव्हा रिकाम्या वाटणाऱ्या जागेत लाकडी इमारतींचे अवशेष सापडले. नकाशावरची पांढरी जागा म्हणजे बाग नव्हे, हा धडा मला या सर्व इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो.

मातीतून बाग कशी सिद्ध होते, हे पुरातत्त्वज्ञ बॅरी कन्लिफ यांच्या 1960 च्या दशकातील, इंग्लंडमधीलच फिशबोर्न येथील उत्खननाने दाखवले. फिशबोर्न हे शहरी घर नव्हे, तर इ. स. 75 च्या सुमाराचा भव्य प्रासाद आहे. पण पद्धतीसाठी त्याचा उल्लेख अटळ आहे. तेथील मूळ जमीन खडेमिश्रित आणि निकस होती, म्हणून माळ्यांनी चर खणून त्यांत सुपीक माती भरली. ती काळसर माती पिवळट जमिनीवर स्पष्ट उठून दिसली, आणि मधल्या वाटेच्या दोन्ही कडांना आळीपाळीने अर्धगोल व चौकोनी खाचे असलेल्या कुंपणाची आखणी तिच्यावरून जशीच्या तशी मिळाली.

पोर्तुगालमधील कोनिंब्रिगा येथे, 1939 मध्ये उजेडात आलेल्या 'कारंज्यांच्या घरात', बाग मातीपेक्षा बांधकामातच टिकून आहे. ओसरीने वेढलेल्या चौकात पाण्याचे मोठे कुंड आहे, त्यात विटांनी बांधलेले वक्राकार वाफे बेटांसारखे उभे आहेत आणि कडेने शेकडो बारीक कारंजी आहेत. पुढे शहराचा नवा तट उभारताना हे घर तटाबाहेर राहिले.

या वाफ्यांत काय लावले होते, हे विटा सांगत नाहीत. त्यासाठी बिया, पाने आणि परागकण लागतात. सिल्चेस्टरच्या विहिरींतील ओल्या गाळात धने आणि शेपू यांच्या बिया टिकल्या आहेत, पण त्या परसात पिकल्या की बाजारातून आल्या, हे केवळ बियांवरून ठरत नाही. त्याच शहरात मिळालेली बॉक्स या सदाहरित झुडपाची पाने अधिक नेमकी साक्ष देतात, कारण हे झुडूप खाण्यासाठी नव्हे, तर कातरून कुंपण करण्यासाठी लावले जाई.