युरोप आवडणं वेगळं, एकसंध युरोप हवा असणं वेगळं

युरोपात निवडणूक आली की आपल्याकडच्या लेखांत एक वाक्य हमखास येतं: 'तिथल्या तरुणाईला एकसंध युरोप हवा आहे.' सोबत गालावर निळा झेंडा आणि पिवळे तारे रंगवलेल्या मुलीचा फोटो. माझं डोकं फिरतं ते या वाक्याने. फोटोचं एक वेळ चालवून घेईन.

या वाक्यात दोन गोष्टींची गल्लत आहे: युरोप आवडणं आणि एकसंध युरोप हवा असणं. यातली पहिली गोष्ट तुम्हाला पाठ आहे. विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी १९८७ पासूनची इरॅस्मस योजना, सीमेवर न थांबणारी गाडी, २०१७ पासून रोमिंगच्या जादा आकारातून सुटका. हे सगळं तरुणांना आवडतंच. ब्रेक्झिटच्या कौलात १८ ते २४ वयाच्या मतदारांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांनी युरोपीय महासंघात राहायचं म्हटलं, असं मतदानानंतरच्या पाहण्या सांगतात. (सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांचा शेंगेन गट म्हणजे महासंघ नव्हे, लोक मात्र दोन्ही एकच समजतात. आयर्लंड महासंघात आहे, शेंगेनमध्ये नाही. स्वित्झर्लंडचं नेमकं उलट. पण या चुकीने फारसं कुणाचं बिघडत नाही.)

बिघडतं ते दुसऱ्या गोष्टीत. राजकीय एकीकरण म्हणजे शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न. पुष्कळ विषयांत आज ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या बाजूने असली की निर्णय होतो. पण परराष्ट्र धोरण आणि कर यांना सगळ्या २७ देशांचा होकार लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनसाठीचे ५० अब्ज युरो एकट्या हंगेरीने अडवून धरले, ते फेब्रुवारीत सुटले. एकीकरण हवं म्हणजे आपल्या देशाच्या हातातला हा नकार सोडून द्यायची तयारी हवी. आपला 'महासंघ' हा शब्दही घोळात भर घालतो. वाचणाऱ्याला वाटतं, महासंघाचं मुख्यालय असलेल्या ब्रुसेल्समध्ये दिल्लीसारखं केंद्र सरकार बसलंय. प्रत्यक्षात तिथलं अंदाजपत्रक सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास फिरतं.

'रोमिंग फुकट हवं का?' आणि 'तुमच्या देशाचा कर इतर देशांनी बहुमताने ठरवलेला चालेल का?' हे दोन प्रश्न एकाच मुलाला विचारा. पहिल्याचं उत्तर ऐकून दुसऱ्याचं लिहून टाकायचं, हाच सगळा घोटाळा.

फ्रान्सचं २००५ आठवा. युरोपीय राज्यघटनेचा मसुदा सार्वमताला आला आणि सुमारे ५५ टक्क्यांनी फेटाळला. त्या दिवशीच्या पाहण्यांत तरुणांचं बहुमत 'नको' म्हणत होतं. 'हवं' म्हणणारे होते साठी ओलांडलेले आजीआजोबा. त्या तरुणांना युरोपचा तिटकारा होता असं नाही. बेकारी डोक्यावर होती आणि हा मसुदा बाजारपेठेच्या बाजूचा आहे, असं अनेकांना वाटत होतं.

२०२४ तर याहून मजेशीर. जर्मनीत युरोपीय संसदेसाठी पहिल्यांदाच १६ वर्षांच्या मुलांनी मत दिलं. २४ पर्यंतच्या वयोगटात ग्रीन पक्ष २०१९ च्या ३४ टक्क्यांवरून ११ वर घसरला, अति उजवा एएफडी १६ वर गेला. एकीकरणाचा उघड पुरस्कार करणाऱ्या व्होल्ट या छोट्या पक्षालाही तिथेच ९ टक्के मिळाले. एकाच बाकावरच्या पोरांची ही मतं! शेजारी फ्रान्समध्ये २८ वर्षांच्या जॉर्डन बार्देलांच्या अति उजव्या पक्षाने महासंघातून बाहेर पडायची भाषा केव्हाच सोडली होती. आत राहायचं आणि अधिकार परत मागायचे, असा त्यांचा हिशोब. त्यांना मत देणारा मुलगा शनिवारी रेल्वेने बार्सिलोनाला जाऊ शकतो. त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही, आणि मलाही.

आपल्या जवळचं पाहायचं तर गोवा. आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले, म्हणून लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा आणि ब्रेक्झिटच्या आधीच थेट इंग्लंडातलं स्विंडन गाठायचं, असं किती तरी मुलांनी केलं. त्यांना युरोप हवा होता तो कामासाठी आणि विमानतळावरच्या छोट्या रांगेसाठी. ब्रुसेल्सला कर लावू द्यावा की नाही, यावर त्यांच्यातल्या कुणाला हुज्जत घालताना मी अजून तरी ऐकलेलं नाही.